विडी, खर्रा आणि व्हेप : तीन पिढ्यांची एकच तलफ



या व्याख्यानमालेच्या पुस्तिकेत आजवर आपण संतकाव्य, नाटक, लोकगीते, आपल्या भागाचा इतिहास असे विषय वाचत आलात. यंदा मंडळाने एका होमिओपॅथीच्या डॉक्टराला बोलायला सांगितले आणि त्याने ई-सिगारेट हा विषय घेतला, तेव्हा काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. हे मोठ्या शहरांचे दुखणे, वैनगंगेच्या काठी त्याचे काय काम, असे काही वर्षांपूर्वी मलाही वाटत असे. त्या समजुतीपायी माझ्या हातून एक चूक झाली. ती आधी सांगतो, म्हणजे हा विषय का घेतला ते कळेल.

२०१८ सालची गोष्ट. ओळखीच्या घरातले एक काकाजी दवाखान्यात आले. त्यांचा मुलगा बारावी होऊन शिकायला बाहेरगावी गेला होता. दिवाळीला घरी आला तेव्हा त्याच्या बॅगेत पेनासारखी एक नळी सापडली. 'डॉक्टरसाहेब,' काकाजी म्हणाले, 'पोरगा म्हणते धूर नाही, नुसती वाफ आहे. वास तर आंब्याचा येते. हे आहे तरी काय?' इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसंस्थेने २०१५ मध्ये ई-सिगारेट ही साध्या सिगारेटपेक्षा सुमारे ९५ टक्के कमी घातक असल्याचा अंदाज दिला होता, तो माझ्या वाचनात आला होता. तेच मी सांगून टाकले. 'सिगारेटपेक्षा बरे आहे, काळजी करू नका.' काकाजी निश्चिंत होऊन घरी गेले.

एक साधा प्रश्न विचारायचा राहून गेला : हा मुलगा आधी सिगारेट ओढत होता का? तो कधीच ओढत नव्हता. दीड वर्षाने तो माझ्यासमोर बसला, तेव्हा रात्री दोनदा उठून ती नळी ओढल्याशिवाय त्याला झोप येत नव्हती. इंग्लंडचा अंदाज मुख्यतः सिगारेट ओढणाऱ्या प्रौढांना डोळ्यांसमोर ठेवून मांडलेला होता. तो मी कोऱ्या फुफ्फुसाच्या मुलाला लावला. तीच वस्तू पन्नाशीच्या माणसाच्या हातात एक काम करते आणि सतराव्या वर्षी दुसरेच, एवढे मला त्या वेळी समजले नाही. ते आपल्याला समजावे म्हणून हा लेख.

वस्तू काय आहे

ई-सिगारेटमध्ये तंबाखू जळत नाही. आत एक लहान बॅटरी, तारेचे वेटोळे आणि थोडा द्रव असतो. द्रवात प्रॉपिलिन ग्लायकॉल, ग्लिसरिन, वासाची आणि चवीची रसायने आणि बहुतेक वेळा निकोटिन असते. तोंडाने ओढले की तार तापते, द्रवाचे अतिसूक्ष्म तुषार होतात आणि ते फुफ्फुसात जातात. यालाच मुले व्हेप म्हणतात. जळण नसल्यामुळे डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड यांतून सुटका होते, हे खरे. पण तुषार म्हणजे देवघरातल्या धूपाची किंवा सर्दीसाठी घेतलेल्या पाण्याची वाफ नव्हे. तार फार तापली तर त्यात फॉर्मल्डिहाइडसारखी द्रव्ये तयार होतात आणि धातूचे कणही उतरतात.

आजच्या रूपातले हे यंत्र चीनमधले औषधनिर्माते होन लिक यांनी २००३ च्या सुमारास बनवले. ते स्वतः भरपूर सिगारेट ओढत आणि त्यांना ती सोडायची होती. म्हणजे जन्मतः ही वस्तू सुटू न शकणाऱ्या प्रौढ माणसासाठी होती. ती मुलांच्या हातात कशी गेली, याचे उत्तर रसायनशास्त्रात आहे, आणि ते आपल्याला पानठेल्यावरच्या उदाहरणाने समजेल.

खर्रा कसा बनतो ते आपण सर्वांनी पाहिले आहे. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घालून घोटतात. चुना कशाला? तंबाखूतले निकोटिन क्षारयुक्त झाले की गालाच्या आतल्या त्वचेतून झपाट्याने रक्तात उतरते. चुना नसेल तर तीच तंबाखू निम्मी वाया जाईल. आपल्या पूर्वजांना रसायनशास्त्र ठाऊक नव्हते, पण चुन्याने 'किक' लागते हे ठाऊक होते. ई-सिगारेटमध्ये अडचण उलटी होती. क्षारयुक्त निकोटिन जास्त प्रमाणात फुफ्फुसात ओढले की घसा जळतो आणि ठसका लागतो. नवखा माणूस पहिल्याच झुरक्याला नळी बाजूला ठेवतो. २०१५ मध्ये बाजारात आलेल्या जूल या अमेरिकी ई-सिगारेटने निकोटिनमध्ये बेंझोइक आम्ल मिसळून त्याचा क्षार बनवला. या मिठासारख्या रूपातले निकोटिन घशाला मऊ लागते, त्यामुळे ते कितीही तीव्र ठेवता येते. त्यांच्या एका लहानशा पॉडमध्ये सुमारे ४० मिलिग्रॅम निकोटिन असे. युरोपीय संघाने जी मर्यादा घातली आहे ती मिलिलिटरला २० मिलिग्रॅम. जूलचे प्रमाण तिच्या जवळजवळ तिप्पट होते.

पहिल्या विडीचा ठसका हा निसर्गाने ठेवलेला पहारेकरी होता. किती तरी मुले त्या ठसक्यानेच परत फिरली. आंब्याच्या आणि स्ट्रॉबेरीच्या वासाने आणि बेंझोइक आम्लाने तो पहारेकरी दारावरून हटवला.

कोणत्या वयात कोण

आता वयाचा हिशोब पाहू. अमेरिकेत २०२१ साली १८ ते २४ वयाच्या लोकांत ई-सिगारेट वापरणारे ११ टक्के होते, २५ ते ४४ मध्ये साडेसहा टक्के आणि ४५ च्या वर केवळ २ टक्के. विडी-सिगारेटचे चित्र साधारणपणे याच्या उलट असते. त्यात मधल्या वयाचे लोक पुढे असतात. शिवाय त्या १८ ते २४ वयाच्या गटातल्या निम्म्याहून अधिक जणांनी आधी नियमित सिगारेट कधीच ओढली नव्हती. चाळिशीपुढचे मात्र बहुतेक सिगारेट सोडून किंवा सिगारेटच्या जोडीला इकडे आलेले. शाळकरी मुलांत तर २०१९ मध्ये तिथल्या हायस्कूलच्या २७.५ टक्के मुलांनी मागच्या महिनाभरात ई-सिगारेट ओढल्याचे सांगितले. नंतर कायदे कडक झाले, पालक जागे झाले आणि २०२४ मध्ये हा आकडा ७.८ टक्क्यांवर आला. ही उतरण आनंदाची आहे. पण त्या वर्षी जी शाळकरी मुले ओढत होती, त्यांतली चारांतली एक रोज ओढत होती. हौशी मुले गळून गेली, अडकलेली राहिली.

इंग्लंडचे उदाहरण वेगळे आहे. तिथे प्रौढ व्हेप वापरणाऱ्यांत निम्म्याहून अधिक पूर्वी सिगारेट ओढणारे आहेत आणि डॉक्टर स्वतः त्यांना हा मार्ग सुचवतात. त्याच इंग्लंडने मुलांच्या हाती पडतात म्हणून एकदा वापरून फेकायच्या व्हेपची विक्री १ जून २०२५ पासून बंद केली. एकाच देशाने एका वयाला दिले आणि दुसऱ्या वयाकडून काढून घेतले, यात विसंगती नाही.

आपल्या देशाचे काय? २०१६-१७ च्या राष्ट्रीय प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात ई-सिगारेट वापरणारे नगण्य होते. तंबाखूचे मात्र तसे नव्हते. भारतात २८.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेत होते. महाराष्ट्रात २६.६ टक्के आणि आपल्या मध्य प्रदेशात ३४.२ टक्के. १५ ते २४ वयाच्या तरुणांत हे प्रमाण सात वर्षांत १८.४ वरून १२.४ टक्क्यांवर आले होते. म्हणजे आपली तरुण पिढी तंबाखूपासून दूर चालली होती. तेवढ्यात ही गोड वासाची नळी आली. २०१९ च्या शाळकरी मुलांच्या सर्वेक्षणात १३ ते १५ वयाच्या २.८ टक्के मुलांनी ती एकदा तरी ओढल्याचे सांगितले. त्याच सर्वेक्षणातला दुसरा आकडा मला अधिक बोचतो. धूरविरहित तंबाखू घेणाऱ्या मुलांपैकी ५२ टक्के आणि विडी ओढणाऱ्यांपैकी ४७ टक्के मुलांनी दहावा वाढदिवस होण्याआधीच सुरुवात केली होती. दहा वर्षांच्या पोराला तंबाखू कुठे मिळते? आजोबांच्या डब्बीत.

आपले घर आणि तंबाखू

इथे मला माझ्या घराबद्दलही बोलले पाहिजे. आपल्या जंगलात तेंदूपत्ता भरपूर. उन्हाळ्यात फडांवर पानांच्या गड्ड्या मोजल्या जातात, हे आपण लहानपणापासून पाहिले. गोंदिया आणि भंडाऱ्याकडे विडी वळणारे हजारो हात होते. आमचे घर जैन. कांदा-लसूण स्वयंपाकघरात येत नसे, रात्रीचे जेवण सूर्यास्ताआधी होई. पण दुकानात विडीचे बंडल विकले जात, आणि त्या गल्ल्यातून माझ्या शिक्षणाची फी गेली. लहानपणी पाठ केलेल्या सात व्यसनांत जुगार आहे, मद्य आहे, मांस, चोरी, शिकार आहे. तंबाखू नाही. ती यादी झाली तेव्हा तंबाखू या देशात आलेलीच नव्हती, पोर्तुगिजांनी ती पुढे आणली. यादीत नाव नसल्याचा फायदा आम्ही पिढ्यान्‌पिढ्या घेतला.

आपल्या मराठी घरांतही फार वेगळे नाही. दारूच्या थेंबावर घर उठते, पण बैठकीत पानदान आणि खर्ऱ्याची पुडी पाहुणचारात मोडते. घरातल्या बायकांचा गुडाखू 'दात घासायला' असतो. म्हणून नातवाच्या बॅगेत नळी सापडली की आपण हादरतो आणि ती परदेशातून आलेली आपत्ती समजतो. नळी नवी आहे. आतले निकोटिन आपल्या ओसरीवर फार वर्षांपासून राहत आहे.

पकड किती, हे कसे ओळखावे

दिवसाला किती, हा प्रश्न आपण सगळे विचारतो. त्याने फारसे कळत नाही. सिगारेट दहा-बारा झुरक्यांत संपते, विडी हातात विझते, खर्रा थुंकावा लागतो. प्रत्येकाला शेवट आहे, म्हणून मोजता येते. व्हेपला शेवट नाही. एक झुरका अभ्यासाच्या टेबलाशी, दोन पांघरुणात, एक न्हाणीघरात. धूर नाही, राख नाही, आईला वास येत नाही. मुलाला विचारले तर तो प्रामाणिकपणे म्हणेल, 'कधी कधी ओढतो.' त्यालाच मोजता येत नाही.

त्यापेक्षा चांगला प्रश्न स्वीडनचे डॉ. फागरस्ट्रॉम यांच्या चाचणीत आहे, आणि तो जगभर वापरतात : सकाळी उठल्यावर पहिली सिगारेट किती वेळाने? पाच मिनिटांच्या आत असेल तर ३ गुण, अर्ध्या तासात २, तासाभरात १, त्यानंतर ० गुण. रात्रभरात रक्तातले निकोटिन उतरलेले असते. साधारण दोन तासांत ते निम्मे होते. मेंदू ते किती घाईने परत मागतो, त्यावरून गुलामी मोजता येते. प्रश्न सिगारेटचा असला तरी खर्ऱ्याला आणि व्हेपलाही तोच विचारावा.

ही चाचणी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला हसू आले. आमच्यात नवकारसी नावाचा सोपा नियम आहे. सूर्योदयानंतर ४८ मिनिटे तोंडात पाणीसुद्धा घ्यायचे नाही. माझी आई आम्हा मुलांना सहाव्या-सातव्या वर्षापासून तो पाळायला लावी. आता मी रुग्णाला, तो कोणत्याही धर्माचा असो, सांगतो : आठ दिवस उठल्यापासून ४८ मिनिटे घड्याळ लावून थांबा. पाणी, चहा खुशाल घ्या, फक्त तलफेची वस्तू नको. ज्याला सहज जमते तो अजून बाहेरच्या अंगणात आहे. ज्याचे दहाव्या मिनिटाला हात थरथरतात, चिडचिड होते, त्याला मदतीची गरज आहे. आणि हे त्याला स्वतःलाच समजते, मला भाषण द्यावे लागत नाही.

वयाने फरक का पडतो

श्वासातून ओढलेले निकोटिन १० ते २० सेकंदांत मेंदूत पोचते. तिथे त्याला बसायला जागा असतात. त्या भरल्या की डोपामाइन नावाचे द्रव्य सुटते आणि बरे वाटते. रोज पाहुणे येऊ लागले की मेंदू जागा वाढवतो. मग त्या रिकाम्या राहिल्या की बेचैनी, चिडचिड, लक्ष न लागणे. सोळा-सतरा वर्षांचा मेंदू अजून बांधला जात असतो. आवर घालणारा पुढचा भाग तर पंचविशीपर्यंत पक्का होतो. बांधकाम चालू असताना घातलेली खिडकी भिंतीचाच भाग होऊन बसते, तसे निकोटिन त्या वयात रचनेतच बसते. म्हणून मुलांत रोजची सवय लागण्याआधीच तलफेची लक्षणे दिसू शकतात.

पन्नाशीच्या माणसाचे बांधकाम कधीच झालेले आहे. त्याच्या फुफ्फुसाला खरा धोका धुराचा. असा माणूस पूर्णपणे सिगारेट टाकून व्हेपवर गेला तर त्याचे नुकसान कमी होऊ शकते. इंग्लंडमध्ये २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत एक वर्षानंतर व्हेपच्या गटातले १८ टक्के लोक सिगारेटमुक्त होते. निकोटिनची गोळी-पट्टी घेणाऱ्यांत हे प्रमाण ९.९ टक्के होते. पण त्याच चाचणीतली दुसरी बाजूही वाचा. व्हेपने सिगारेट सोडलेल्यांपैकी ८० टक्के लोक वर्षाअखेर व्हेप ओढतच होते. दुसऱ्या गटात गोळी-पट्टी चालू असलेले फक्त ९ टक्के. धूर सुटला, निकोटिन सुटले नाही. पन्नाशीत हा सौदा कदाचित परवडेल, सतराव्या वर्षी तो शुद्ध तोटा आहे, कारण तिथे सोडायला आधीचे काही नव्हतेच.

कायदा आणि त्याच्या पलीकडे

आपल्या देशात १८ सप्टेंबर २०१९ च्या अध्यादेशाने आणि नंतर त्याच वर्षी झालेल्या कायद्याने ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, वाहतूक, विक्री, साठवण आणि जाहिरात यांवर बंदी आली. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. बंदी योग्यच आहे. पण आपण तर बंदीचे जुने जाणकार आहोत. १ एप्रिल २०१२ पासून मध्य प्रदेशाने गुटख्यावर बंदी घातली, देशात सर्वांत आधी. त्यानंतर पानमसाला एका पुडीत आणि तंबाखू दुसऱ्या पुडीत मिळू लागली, आणि ग्राहक दोन्ही तोंडात एकत्र करू लागला. कायदा दुकान बंद करतो. तलफेचा इलाज घरातच करावा लागतो.

घरात काय करावे

नळी सापडली तर पहिल्या दिवशी आरडाओरडा करू नका. मी काही जणांना पाहिले आहे, मुलगा वसतिगृहात परत गेला आणि घरी फोन करायचा बंद झाला. आधी तीन प्रश्न विचारा : यापूर्वी काय ओढत होतास, सकाळी उठल्यावर किती वेळाने लागते, आणि रात्री जाग येते का. पहिल्या उत्तरावरून वस्तू त्याच्यासाठी काय आहे ते कळेल, पुढच्या दोहोंवरून पकड कळेल.

सोडताना पहिले दोन-तीन दिवस सर्वांत अवघड असतात. तीन-चार आठवड्यांत बहुतेक त्रास ओसरतो. तलफेची एकेक लाट काही मिनिटांतच उतरते, तेवढा वेळ चालायला जाणे, पाणी पिणे, कुणाशी बोलणे यात काढायचा असतो. म्हणून सोडण्याचा दिवस परीक्षेच्या आठवड्यात ठरवू नये. मोठ्यांसाठी निकोटिनचा च्युइंगम आणि पट्टी औषधाच्या दुकानात मिळते, ती डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावी. तंबाखू सोडण्यासाठी केंद्र सरकारची मोफत दूरध्वनी सेवा १८००-११-२३५६ या क्रमांकावर आहे, तिचा उपयोग करा.

माझ्या पेटीतही टॅबॅकम नावाचे औषध आहे, तंबाखूपासूनच बनवलेले. पुष्कळ जण त्याच आशेने माझ्याकडे येतात. मी त्यांना सरळ सांगतो की तलफ उतरवणारी हमखास गोळी माझ्याकडे नाही. माझ्याकडे वेळ आहे, तो मी देतो, आणि गरज पडली तर पुढे पाठवतो. चाळीस वर्षांच्या ओळखीवर खोटे बोलणे मला जमत नाही.

शेजारच्या गडचिरोलीत डॉ. अभय बंग यांच्या 'सर्च' संस्थेने आणि महाराष्ट्र शासनाने २०१६ पासून 'मुक्तिपथ' नावाने दारू-तंबाखूविरुद्ध काम उभे केले. त्यातली एक गोष्ट मी उचलली : एकट्याने सोडण्यापेक्षा गावाने, घराने मिळून सोडावे.

त्या काकाजींच्या घरी मी तेच सुचवले. मुलाने नळी सोडायची, त्याच दिवशी आजोबांनी खर्रा. आबाजी तेव्हा ७४ वर्षांचे. त्यांचे तोंड दोन बोटांपेक्षा जास्त उघडत नव्हते. हे सुपारीचे देणे, आणि सुपारी ही कर्करोगकारक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ मध्येच जाहीर केले आहे. आबाजी आधी रागावले. 'पोराची गोष्ट वेगळी, माझी वेगळी. माझे आता किती दिवस राहिले?' मग तिसऱ्या दिवशी स्वतःच डब्बी नातवाच्या हातात देऊन म्हणाले, 'तू लपव. मला सांगू नको कुठे ठेवली.' दोघेही एकेकदा घसरले. नातवाने सांगितले, आजोबांनी आधी लपवले, मग सांगितले. पुढे रोज सकाळी ४८ मिनिटांचा गजर त्या घरात एकदाच वाजायचा आणि दोघे ओसरीवर चहा घेत बसायचे.

आपल्या घरात डब्बी असेल तर ती आज एकदा पाहा. नातवाची बॅग नंतर पाहा.